जुन्या भिंतीवर स्टोन क्लॅडिंग: दगड पास, लावणारे काठावर पास

आधी निकाल सांगून टाकते, ज्यांना घाई आहे त्यांनी इथूनच सुटावं. दगडाला पाचपैकी साडेचार, चिकटवायच्या मालाला पूर्ण पाच, आणि लावणाऱ्या टीमला तीन, तेही मी परांचीखाली ठाण मांडून बसले म्हणून, नाहीतर दोनच्या वर गेलेच नसते. भिंती आधीच उभ्या आहेत, गिलावा झालेला आहे, त्यावर रंगाचे थर चढलेत आणि आता त्याच्यावर पातळ दगड लावून घर दगडी दिसावं असं ज्यांच्या डोक्यात आहे, त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू आहे. नवीन बांधकामात हे काम बरंच सोपं जातं कारण सगळं आधीच ठरवता येतं, जुन्या भिंतीत मात्र आधीच्या लोकांनी काय काय करून ठेवलंय ते आपल्याला निस्तरावं लागतं.

तर दगड. आम्ही घेतला तो मॅन्युफॅक्चर्ड व्हिनिअर. व्हिनिअर म्हणजे भिंतीवर चिकटवायचा पातळ दगड, आणि मॅन्युफॅक्चर्ड म्हणजे खाणीतला नाही, कारखान्यात बनवलेला. पोर्टलंड सिमेंट, हलकं अ‍ॅग्रिगेट (खडीसारखा भरीव माल) आणि आयर्न ऑक्साइडचे रंग, हे सगळं साच्यात ओतून बनवतात आणि साचे खऱ्या दगडावरून घेतलेले असतात, त्यामुळे लांबून तरी कोणी ओळखत नाही. जवळून ओळखतात. कसं, तर साचे मोजकेच असतात, त्यामुळे तोच चेहरा पुन्हा पुन्हा दिसायला लागतो, आणि एकदा का ती एक विशिष्ट खाच असलेला दगड डोळ्यात भरला की मग तो भिंतीवर सगळीकडे दिसतो, सुटका नाही. यावर उपाय म्हणजे एक बॉक्स संपवून दुसरा उघडायचा असं न करता तीन-चार बॉक्स एकदम उघडायचे, सगळे तुकडे जमिनीवर पसरायचे आणि रंग, आकार, जाडी मिसळून लावायचं. बॉक्सवर पण हेच लिहिलेलं असतं, वाचत कोणी नाही. आमच्या टीमने पहिला पट्टा एकाच बॉक्समधून लावला आणि भिंतीवर तेवढाच चौकोन वेगळ्या छटेचा दिसायला लागला, तो काढून परत लावून घेतला.

दुसरी गोष्ट, हा दगड कापला की आतून करडं काँक्रीट दिसतं. म्हणून कापलेली कड नेहमी नजरेच्या उलट दिशेला वळवायची, म्हणजे डोळ्यांच्या वर असेल तर कड वर आणि खाली असेल तर कड खाली. ऐकायला क्षुल्लक वाटतं पण चांगलं काम आणि उरकलेलं काम यातला फरक पाहुण्यालाही इथेच कळतो.

खरा दगड का नाही घेतला असं बऱ्याच जणांनी विचारलं. खाणीतल्या दगडाचा पातळ काप काढून बनवलेला व्हिनिअर मिळतो, साधारण दोन ते तीन सेंटीमीटर जाडीचा, आणि दिसायला तो सरसच आहे, रंग उडायचा प्रश्नच नाही आणि कापला तरी आतून दगडच. पण वजन जास्त. आमचा सिमेंटचा चौरस फुटाला चार ते पाच किलोच्या आसपास जातो, खरा त्याच्या बराच वर जाऊ शकतो. अमेरिकेतल्या बांधकाम नियमांत नुसत्या चिकटवलेल्या व्हिनिअरला चौरस फुटाला १५ पौंड, म्हणजे साधारण ६.८ किलो, ही मर्यादा वर्षानुवर्षं धरली गेलीय, त्याहून जड असेल तर दगड नुसता चिकटवून भागत नाही, त्याला खालून टेकू आणि भिंतीला धरणारे अँकर लागतात. आमचा गिलावा जुना, त्याच्या जिवावर किती वजन टांगायचं याचा विचार करून हलका घेतला. ज्यांची भिंत नुसतं काँक्रीट आहे त्यांनी बिनधास्त खरा बघावा.

आणखी एक पर्याय असतो तो पॅनेलचा, म्हणजे पातळ पट्ट्या एकत्र चिकटवून बनवलेले तयार तुकडे. भराभर लागतात पण दोन पॅनेल जिथे भेटतात तिथली सरळ रेघ मला तरी सगळीकडे दिसते. सुटे तुकडेच घ्या, वेळ जातो पण घर नीट दिसतं. कोपऱ्यासाठी एल आकाराचे वेगळे पीस येतात ते मात्र अजिबात वाचवू नका. त्यांची एक बाजू लांब आणि एक आखूड असते, एकाआड एक उलटसुलट लावायचे, म्हणजे अख्खा जाड दगड वळलाय असं वाटतं. कोपऱ्यात दोन सपाट तुकडे एकमेकांवर आपटून लावले की सगळं नाटक तिथेच उघडं पडतं. काम सुरूही कोपऱ्यापासूनच करायचं असतं, मग मधला भाग भरत जायचा.

आता चिकटवायचा माल, ज्याला मी पाच दिलेत. पॉलिमर घातलेला सिमेंटचा अ‍ॅडहेसिव्ह, पोतं उघडायच्या आधी त्यावर काय छापलंय ते बघा. युरोपियन पद्धतीचं मार्किंग असेल तर सी२टीई एस१ असं काहीतरी लिहिलेलं असतं. सी२ म्हणजे चौरस मिलिमीटरला किमान १ न्यूटन पकड, टी म्हणजे उभ्या भिंतीवर दगड खाली घसरत नाही, ई म्हणजे माल लावल्यावर जास्त वेळ, किमान ३० मिनिटं, दगड बसवता येतो, आणि एस१ म्हणजे सुकल्यावर तो थोडा वाकू शकतो, उन्हाने भिंत फुगली-आकसली तरी लगेच सुटत नाही. ती ३० मिनिटं लॅबमधली हं, भर उन्हात भिंतीवर माल पसरून ठेवला तर त्याच्या खूप आधी वर साय धरते आणि मग दगड चिकटल्यासारखा वाटतो पण चिकटलेला नसतो. बोट लावून बघायचं, बोटाला माल लागला तर ठीक, नाही लागला तर खरवडून टाका.

मी बसून हिशोब केला. चौरस मिलिमीटरला १ न्यूटन म्हणजे चौरस सेंटीमीटरला साधारण १० किलो, एका चौरस फुटात ९२९ चौरस सेंटीमीटर, म्हणजे कागदावर एक चौरस फूट अ‍ॅडहेसिव्ह नऊ टनांहून जास्त ओढ सहन करतो. आणि आपण त्याला टांगतोय काय, तर पाच किलो! मग दगड पडतात कसे? पडतात तर खरेच, सगळ्यांनी कुठे ना कुठे दात पडल्यासारखी दिसणारी भिंत बघितलेलीच असते. पडलेला दगड उलटा करून बघा, बहुतेक वेळा त्याच्या पाठीला माल घट्ट असतो आणि त्या मालाला रंगाचा पापुद्रा किंवा गिलाव्याची खपली चिकटलेली असते. म्हणजे अ‍ॅडहेसिव्हने आपलं काम चोख केलं, त्याच्या मागचं जे होतं ते सुटलं. नऊ टन वगैरे आकडे चांगल्या काँक्रीटवर चिकटवून काढलेले असतात, आपली भिंत त्यातल्या सगळ्यात कच्च्या थराइतकीच पक्की.

म्हणूनच दगड निवडण्यात जेवढा वेळ घालवाल त्याच्या दुप्पट भिंत तपासण्यात घालवा. हातोडीच्या दांड्याने किंवा लोखंडी सळीने पूर्ण भिंत ठोकत जायची, भद्द पोकळ आवाज आला की तिथे खडूने गोल करायचा. आमच्या पश्चिमेकडच्या भिंतीवर खडूचे इतके गोल झाले की शेवटी तिथला गिलावा विटेपर्यंत काढून नवीन करावा लागला. मग रंग. रंगावर थेट दगड लावायचा नाही, नाही म्हणजे नाही, रंग कितीही चांगला दिसत असला तरी. ग्राइंडरला वायरचा कप किंवा डायमंडचा कप लावून रंग उतरवायचा, गिलावा खरखरीत करायचा, धूळ धुऊन काढायची. सगळं झालं की भिंतीवर पाण्याचे शिंतोडे मारून बघायचं, पाणी शोषलं गेलं तर पास, थेंब बनून घरंगळलं तर अजून रंग किंवा काहीतरी तेलकट शिल्लक आहे. ही एवढी साधी टेस्ट, एक मग पाणी लागतं, पण आमच्याकडे आलेल्या एकाही कोटेशनवाल्याने ती केली नाही. एकाने तर भिंतीला हात न लावता गाडीतूनच माप काढलं.

इथे एक सीरियस गोष्ट. घर खूप जुनं असेल तर खालच्या थरांतल्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळे घासायच्या आधी टेस्ट करून घ्या, ती धूळ लहान मुलांसाठी वाईटच. आणि दगड किंवा गिलावा कोरडा कापला की सिलिकाची बारीक धूळ उडते जी थेट फुप्फुसात जाऊन बसते, तोंडाला रुमाल बांधून काही होत नाही. पाणी सोडून कापायचं आणि नीट मास्क घालायचा. आमच्या टीममधल्या पोराला मास्क आणून दिला तर तो कपाळावर चढवून कापत होता, दोनदा ओरडले तेव्हा खाली आला.

रंग निघतच नसेल तर दुसरा मार्ग म्हणजे जाळी. गंज न लागणारी, गॅल्व्हनाइज्ड, आणि ती गिलाव्यात नाही तर गिलावा पार करून आतल्या विटेत किंवा काँक्रीटमध्ये पक्की ठोकायची, तिच्यावर मालाचा खरबरीत थर द्यायचा, तो सुकू द्यायचा, पाणी मारायचं आणि मग दगड. म्हणजे रंगाच्या पकडीवर काही अवलंबूनच राहत नाही. लाकडी सांगाड्याची भिंत असेल तर जाळीशिवाय पर्यायच नाही, शिवाय जाळीच्या मागे पाणी अडवणाऱ्या कागदाचे दोन थर लागतात, कारण दगडातून आणि सांध्यांतून पाणी आत येणार हे धरूनच चालायचं असतं, ते लाकडापर्यंत न पोचता खाली निघून गेलं पाहिजे. तिथे घाई करणाऱ्या माणसाला कामच देऊ नका, कुजलेलं लाकूड दगडामागे दिसत पण नाही.

आता टीमचे दोन मार्क कुठे गेले ते. पहिल्याच तासाला बघितलं तर दगडाच्या पाठीला मालाचे पाच गोळे, चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक, आणि थाप मारून भिंतीवर. मी म्हटलं दादा हे काय, पूर्ण पाठीला लावा ना. तर म्हणे, "ताई, आम्ही कित्येक घरांना असंच लावलंय, काय होत नाही, आणि माल पण वाचतो." माल माझा, वाचवतोय हा! मी म्हटलं एक काढून दाखवा. काढला तर निम्म्याहून जास्त पाठ कोरडी. गोळ्यांच्या मधे जी पोकळी राहते तिथे पावसाचं पाणी जाऊन बसतं, बाहेर यायला वाट नसते, मग ओल भिंतीत जाते, थंड हवेत ते पाणी गोठलं तर दगड आतून ढकलला जातो, आणि नाही गोठलं तरी क्षार घेऊन पांढरे ओघळ बाहेर येत राहतात. बरोबर पद्धत म्हणजे भिंतीवर थापीने घासून एक पातळ थर, दगडाच्या पूर्ण पाठीवर माल, मग दाबून थोडा हलवत बसवायचा, इतका की चारी बाजूंनी माल बाहेर डोकावला पाहिजे. त्यानंतर मी मधूनच एखादा ओला दगड काढून बघायला लागले. त्यांना आवडलं नाही हे सांगायला नको. पण खरं सांगायचं तर दुसऱ्या दिवसापासून त्यांचा हात बसला आणि काम खरंच चांगलं झालं, त्यातला जो मुख्य मिस्त्री होता त्याची नजर एवढी तयार की लेव्हल न लावता ओळी सरळ जायच्या. कौशल्य होतं, शिस्त नव्हती, म्हणून तीन.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर खिडक्या. हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं म्हणून इथे जरा जास्त लिहिते. व्हिनिअर आणि माल मिळून भिंत चार-पाच सेंटीमीटर जाड होते. आधी खिडकीची सिल, म्हणजे खिडकीखालची आडवी पट्टी, भिंतीच्या बाहेर तेवढीच आलेली असते, पाणी तिच्या टोकावरून खाली पडायचं. आता दगड आला की सिल दगडाच्या बरोबरीत किंवा आत गेली, म्हणजे खिडकीवरचं सगळं पाणी थेट दगडाच्या वरच्या कडेवर आणि तिथून दगडाच्या मागे. सिल बदलून पुढे काढावी लागते, बाहेर उतार द्यावा लागतो आणि खालच्या बाजूला पुढच्या कडेजवळ एक खाच मारावी लागते म्हणजे पाणी खालून परत भिंतीकडे न येता तिथेच टपकतं. दगड अर्ध्या भिंतीपर्यंतच असेल तर त्याच्या वरच्या कडेलाही हेच, वर उताराची टोपी पाहिजे आणि टोपी जिथे भिंतीला लागते तिथे धातूची पट्टी भिंतीत घुसवून वळवलेली पाहिजे. नुसतं सिलिकॉन मारून सोडलेलं दोन-चार पावसाळ्यांत फाटतं. आमच्या कोटेशनमध्ये सिलचं नाव पण नव्हतं, "ते सिव्हिल काम आहे, आमच्यात येत नाही" असं उत्तर मिळालं. तुम्ही आधीच विचारून घ्या.

आणि खाली, जमिनीजवळ. सगळ्यांना दगड मातीतून उगवल्यासारखा पाहिजे असतो, दिसतोही छान. तसं करू नका. मातीपासून १०० मिलिमीटर आणि फरशी किंवा काँक्रीटपासून ५० मिलिमीटर वर थांबवायचा असा मॅन्युफॅक्चर्ड व्हिनिअरचा सर्वसाधारण नियम आहे. मातीला टेकला की तो ओल वर खेचत राहतो, खालच्या दोन ओळी कायम काळ्या आणि शेवाळलेल्या, आणि वाळवी असेल तर तिला आत जायला आडोसा. टीमचा आग्रह होता जमिनीपर्यंत न्यायचा कारण मोकळी पट्टी "अर्धवट" दिसते. गडद रंग मारला, आता कोणाच्या लक्षातही येत नाही.

हे जुन्या भिंतीला नवा दगडी चेहरा द्यायचं खूळ आजचं नाही बरं का. अमेरिकेत बाल्टिमोरला १९३७ मध्ये फॉर्मस्टोन नावाच्या प्रकाराचं पेटंट घेतलं गेलं, विटांच्या घरांवर सिमेंटचे थर देऊन त्यावर दगडाचे आकार कोरायचे, आणि तिथल्या ओळीच्या ओळी घरांनी ते लावून घेतलं. पुढे त्याच शहरात ते उपटून आतली वीट परत मोकळी करायची कामं निघाली. आम्ही लावलेलं कोणी उपटलं तर आत निदान वाळलेली भिंत सापडो एवढीच इच्छा.

सांध्यांबद्दल थोडक्यात. दगड एकमेकांना टेकवून लावला की कोरड्या रचाईसारखा दिसतो आणि सध्या चालतोय तो हाच लुक, पण पावसाचा मारा जिथे जास्त आहे त्या भिंतीला मी सांधे भरून घेतले आणि त्याचा आनंद आहे. पिशवीतून माल पिळून भरायचा, अंगठा दाबला तर ठसा उमटेल एवढा घट्ट झाला की खरवडून आकार द्यायचा, त्याआधी हात लावला तर दगडावर फासला जातो. दगडावर माल सांडला तर लगेच ओल्या फडक्याने पुसायला धावू नका, डाग पसरतो, थोडा सुकून भुसभुशीत झाला की ब्रशने झटकला की जातो. आणि भिंतीत आधीपासून प्रसरणाचा सांधा, म्हणजे भिंत फुगायला-आकसायला मुद्दाम सोडलेली फट, असेल तर तो दगडातही तसाच सोडायचा, त्याच्यावरून दगड बसवला तर तो तडकणार, त्याला कुठलाही अ‍ॅडहेसिव्ह वाचवू शकत नाही.

बारीकसारीक त्रास खूप झाले. बाहेरचे दिवे, स्विच, नळ, मीटरची पेटी, सगळं भिंत जाड झाल्यामुळे आत गेलं. नळाला एक्स्टेंशन लावलं, दिव्यांच्या मागे सपाट ठोकळे बसवले कारण उंचसखल दगडावर दिवा नीट बसतच नाही आणि मागून पाणी जातं. पावसाच्या पाण्याचे पाइप काढून पुढे घ्यावे लागले. बाहेर उघडणाऱ्या खिडकीची झडप पूर्ण उघडेना, एक कडेचा दगड परत कापला. हे सगळं दगड लागल्यावर सुचण्यापेक्षा आधी घराभोवती एक चक्कर मारून भिंतीवर काय काय बसवलंय ते लिहून ठेवा.

आता देखभाल. पहिल्या पावसानंतर काही ठिकाणी पांढरी पूड आली, लोणा लागल्यासारखी. घाबरले होते, पण नवीन सिमेंटमधले क्षार पाण्याबरोबर बाहेर येऊन वाळतात त्यातला तो प्रकार होता, मऊ ब्रशने कोरडंच झटकलं, मग साधं पाणी, आणि हळूहळू यायचं थांबलं. तीच जागा पुन्हा पुन्हा पांढरी होत असेल तर मात्र मागे कुठूनतरी पाणी येतंय, ते शोधा. "अ‍ॅसिड मारतो, चकाचक होईल" म्हणणाऱ्याला गेटवरूनच परत पाठवा, अ‍ॅसिडने सिमेंटच्या दगडाचा रंग जातो तो जातोच. तारेचा ब्रश आणि प्रेशर वॉशर पण नको.

सीलर, म्हणजे दगडावर मारायचं पाणी रोखणारं द्रव, लावावा का यावर दोन्ही बाजूंनी लोक भांडतात. मी फक्त पावसाच्या बाजूला लावला, सिलेन-सिलोक्सेनचा, जो आत मुरतो आणि भिंतीला श्वास घेऊ देतो. चकचकीत थर देणारा नको, आतली ओल अडकते आणि दगड प्लास्टिकचा दिसायला लागतो ते वेगळंच. आधी उरलेल्या तुकड्यावर लावून बघा, काही सीलर दगड गडद करतात.

दगडाचा अर्धा मार्क कशाला कापला? धुळीला. उंचसखल दगडावर प्रत्येक कंगोऱ्यावर धूळ बसते, कोळी तर जणू वाटच बघत होते, आणि सावलीतल्या भिंतीला हिरवट झाक यायला लागलीय. सपाट रंगाची भिंत यापेक्षा सोपी होती हे मान्य. कमी उंचसखल असलेला प्रकार घेतला असता तर हा ताप अर्धा झाला असता, पण मग सकाळच्या तिरक्या उन्हात सावल्या पडतात त्या पडल्या नसत्या, आणि मला तर त्याच पाहिजे होत्या.

अजून एक, माप काढताना वाया जाणारा माल धरून साधारण दहा टक्के जास्त मागवा आणि कोपऱ्याचे पीस वेगळे मोजा, ते चौरस फुटात नाही तर लांबीत विकतात. काम संपल्यावर टीम उरलेला बॉक्स "आम्ही घेऊन जातो" म्हणते, देऊ नका. पुढच्या बॅचचा रंग जुळेलच असं नाही, तेव्हा थोडे सपाट, दोन-तीन कोपऱ्याचे आणि बॉक्सवरचं बॅच नंबरचं लेबल कापून ठेवा.